टेकडीवरच्या मीटरची चोरी

१

"पेटी हलकी लागतेय," ठिणगी म्हणाली.

आयोगाच्या पुराव्याच्या खोलीत आम्ही चौघं उभे होतो. अध्यक्षबाई, त्यांचे उपसंचालक, तपास अभियंता असलेली ठिणगी आणि मी. मी बाईंचा स्वीय सहायक. म्हणजे त्यांचं दार राखायचं, त्यांचे फोन घ्यायचे आणि ज्यांना त्या ओरडू शकत नाहीत त्यांच्या वाटचं मी ऐकून घ्यायचं.

आमच्या आयोगाचं काम सांगायला सोपं आहे. एकूण विजेतला ठरावीक वाटा वारा, ऊन आणि पाण्यापासून आला पाहिजे, असं सरकारने ठरवलंय. त्याला लक्ष्य म्हणतात. लक्ष्य गाठलं असं वीज कंपन्या छातीठोकपणे सांगतात आणि ते खरं आहे का हे आम्ही बघतो. मुलांनी पेपर लिहायचा, आम्ही तपासायचा. म्हणून अख्खं ऑफिस बाईंना पाठीमागे 'हेडबाई' म्हणतं. त्यांना ते ठाऊक आहे, आणि मला वाटतं, आवडतंसुद्धा.

त्या दिवशीच्या पेपरावर सगळ्यांचे डोळे होते. टेकडीवरच्या पवनचक्क्यांची वीज खरी ठरली, तर लक्ष्य पूर्ण होणार होतं. संध्याकाळी मंत्रीमहोदय तशी घोषणा करणार होते आणि मैदानात मांडवही उभा राहिला होता. पण ठिणगीने तपासणीनंतर टेकडीवरचं मुख्य मीटर काढून, सील करून आणलं होतं. हे मीटर किती वीज बाहेर गेली आणि किती आत आली, दोन्ही टिपून ठेवतं. दुपारच्या सुनावणीत ते सगळ्यांसमोर आमच्या यंत्रावर उघडायचं होतं.

कपाटात पेट्या शिस्तीत उभ्या होत्या. प्रत्येकीवरची चिठ्ठी आमच्याकडे तोंड करून. धरण, सौर प्रकल्प, टेकडी. कुठलीही लांबूनच वाचता यावी. टेकडीच्या पेटीवरचं लाखेचं सील समोरून अगदी धडधाकट होतं.

ठिणगीने पेटी उलटी केली. तळ पात्याने कापलेला होता आणि आत फक्त हवा होती.

"अरेरे," उपसंचालक म्हणाले. "कपाटाची किल्ली कुणाकडे असते?"

किल्ली ठिणगीच्या हातातच होती. सगळ्यांनी आधी तिच्या हाताकडे पाहिलं, मग तिच्या तोंडाकडे.

२

उपसंचालकांना आम्ही 'होयबा' म्हणतो. पूर्वी ते मोठ्या लोकांच्या स्वागताच्या खात्यात होते. तिथली सवय हाडीमाशी खिळलेली. कप ठेवला की त्याचा कान साहेबाच्या उजव्या हाताकडे वळवणार, खुर्ची जराशी तिरकी दिसली की सरळ करणार. माझ्या टेबलावर रोज येऊन माझी पेनं एका दिशेला लावून जातात. मला याचा भयंकर राग येतो, पण मोठ्या माणसाला सांगणार कोण?

थोड्याच वेळात टेकडी कंपनीचे मालक दाणदाण पाय आपटत आले. मागे त्यांचा जनसंपर्कवाला, कायम हसरा. कुणीतरी त्यांना बातमी आधीच पोचवली होती.

"मीटर आम्हाला निर्दोष ठरवणार होतं," मालक गरजले. "म्हणून तुमच्या पोरीने ते गायब केलं! तिला आमच्याकडून काहीतरी उकळायचं होतं!"

"उचलली जीभ लावली टाळ्याला!" ठिणगी उसळली. तिचं टोपणनाव काही उगाच पडलेलं नाही. "मी तुमच्याकडून पाण्याचा ग्लाससुद्धा घेतला नाही!"

"तू गप्प बस," हेडबाई म्हणाल्या.

मग ऊर्जा खात्याच्या सचिवांचा फोन आला. फोन मीच जोडून दिला होता, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं. मीटर नसेल तर नियमाप्रमाणे कंपनीचे आकडे ग्राह्य धरायचे, लक्ष्य पूर्ण झालं म्हणायचं आणि सुनावणी संपताच ठिणगीला निलंबित करायचं. आदेश तयार होता, सचिव तो घेऊन स्वतः येणार होते. एकदा पुरावा चोरल्याचा शिक्का बसला की त्या मुलीला पुढे कुणी दारातही उभं केलं नसतं. आईचा विरोध पत्करून, भांडून ती या नोकरीत आली होती. मला तिच्याकडे बघवेना.

"सुनावणी दुपारी आहे," हेडबाई फोनवर म्हणाल्या. "दुपारपर्यंत ती माझी अभियंता आहे." आणि त्यांनी फोन ठेवून दिला.

फाटकावरचा पहारेकरी शपथेवर सांगत होता की आदल्या दिवसापासून एकही वस्तू बाहेर गेलेली नाही. आमच्याकडे जाताना सगळ्यांच्या पिशव्या उघडून बघतात, मंत्र्यांचीसुद्धा सुटका नाही. म्हणजे जाडजूड पुस्तकाएवढं ते मीटर इमारतीतच होतं. आम्ही खोल्या धुंडाळल्या, माळे पाहिले, पाण्याच्या टाकीतही डोकावलो. हाती धूळ लागली.

दमून मी सुनावणीच्या दालनाबाहेर व्हरांड्यात टेकलो. समोर भिंतीवर टेकडीचा भलामोठा फोटो होता. जनसंपर्कवाल्याने तो आदल्या संध्याकाळी आयोगाला भेट दिला आणि होयबांनी तो हौसेने स्वतः टांगला. हातात हातोडा घेतलेले होयबा मी जन्मात पहिल्यांदा पाहिले. फोटो मात्र देखणा होता. साऱ्या पवनचक्क्या ओळीने, सूर्यफुलांसारख्या बरोबर आपल्याकडे तोंड करून. खालच्या कोपऱ्यात ठिणगी, गळ्यातला स्कार्फ डावीकडे ताठ उडालेला, चेहऱ्यावर 'मला कशाला घेता फोटोत' असा भाव.

फ्रेम वरून जरा पुढे झुकली होती. मी ती नीट करायला हात पुढे केला.

"राहू द्या!" मागून होयबा ओरडले. "पडेल. काच फुटेल. तुम्हाला दुसरी कामं नाहीत का?"

मी हात मागे घेतला. तेवढ्यात शिपाई सांगत आला, हेडबाईंनी मलाच आत बोलावलंय, आणि चौकशीसाठी.

३

"दुसरी किल्ली तुमच्या ड्रॉवरमध्ये असते," हेडबाई म्हणाल्या. "ड्रॉवरला कुलूप असतं का?"

"नसतं, बाई."

"का नसतं?"

"कुलपाची किल्ली हरवलीय, बाई."

"काल संध्याकाळी टेबलाजवळ कोण कोण आलं?"

"सगळेच आले. ठिणगी सही घ्यायला. जनसंपर्कवाला फोटो घेऊन. उपसंचालक पेनं लावायला. मधे मी चहाला गेलो होतो."

"म्हणजे चोरालाही चहाला बोलवायचं बाकी ठेवलंत," त्या म्हणाल्या. "बसा इथेच. आता बाकीच्यांचं ऐका."

ठिणगी आली ती डोळे पुसून आली होती, पण आवाज ताठ होता.

"तू मीटर काढून का आणलंस? पवनचक्क्या तर दिवसभर फिरत होत्या."

"फिरत होत्या, बाई. सगळं फारच छान होतं. तिथल्या ऑफिसच्या व्हरांड्यात खुर्च्या, समोर एकसारखी फिरणारी पाती. वारा इतका की माझे कागद दोनदा उडाले. तरी मला काहीतरी खुपत होतं. काय ते कळेना. म्हणून म्हटलं, मीटरच घेऊन जाऊ, ते काही माझ्यासारखं गोंधळणार नाही."

"पेटी कपाटात कशी ठेवलीस?"

"तुमच्या नियमाप्रमाणे. चिठ्ठी भिंतीकडे करून, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला कुठली पेटी कुणाची ते कळत नाही. बाकीच्याही तशाच होत्या."

हेडबाईंनी मान हलवली आणि तिला बाहेर बसवलं.

जनसंपर्कवाला हसत आला, हसत बसला. "मी तर पाहुणा माणूस. फोटो दिला आणि तुमच्या पहारेकऱ्यासमोर रिकाम्या हातांनी गेलो. हां, फोटोखाली एक अक्षर चुकलंय, तेवढा आज परत नेईन. दुरुस्त करून देतो."

"इतकी घाई?"

"आमच्या कामात दिसण्याला फार महत्त्व, मॅडम."

शेवटी होयबा. बसायच्या आधी त्यांनी खुर्ची सरळ केली, मग बाईंच्या टेबलावरची घंटी त्यांच्या हाताशी सरकवली.

"मला त्या मुलीबद्दल वाईट वाटतं," ते म्हणाले. "हुशार आहे, पण उतावळी. आता तुम्हीच बघा, तपासणीच्या आदल्या दिवशी मी जातीने टेकडीवर जाऊन सगळी व्यवस्था लावली. खुर्च्या व्हरांड्यात, समोरचं सगळं नीट दिसेल अशा. तिला बोट ठेवायला जागा नव्हती. तरी हिने मीटर उपटलं."

"काल तुम्ही ऑफिसात उशिरापर्यंत होतात?"

"संध्याकाळच्या समारंभाचा नकाशा करत होतो, मॅडम. कोण कुठे बसणार, ते बघावं लागतं."

ते गेल्यावर हेडबाईंनी घंटी परत जागच्या जागी सरकवली. मग उठल्या आणि तडक व्हरांड्यात जाऊन त्या फोटोसमोर उभ्या राहिल्या. नाक काचेला लागेल इतक्या जवळ. ठिणगीला हाक मारून विचारलं, "हा फोटो तपासणीच्या दिवशीचाच ना?"

"हो. हा माझा स्कार्फ, त्याच दिवशी पहिल्यांदा घातला होता."

"सापडलं," हेडबाई म्हणाल्या.

"मीटर?" मी जवळजवळ ओरडलोच.

"मीटर नंतर. आधी चूक सापडली."

४

सुनावणीचं दालन भरलं होतं. एका बाजूला मालक आणि जनसंपर्कवाला, दुसऱ्या बाजूला ठिणगी एकटी. मधे सचिव, समोर निलंबनाचा आदेश आणि पेनाचं टोपण काढलेलं. होयबांनी सगळ्यांचे पाण्याचे ग्लास एका रेषेत लावून ठेवले होते.

"पुरावा नाही," मालक म्हणाले. "तेव्हा आमचे आकडे मान्य करा. आम्हाला संध्याकाळी हारतुरे घ्यायचेत."

"एक शंका आहे," हेडबाई म्हणाल्या. "मी वकील नाही, इंजिनिअर आहे, म्हणून साधंच विचारते. पवनचक्की तोंड कुणीकडे करते?"

मालक हसले. "वाऱ्याकडे. शाळेतलं पोरही सांगेल."

"आणि वारा बाजूने आला तर?"

"तर ती वळते. आपोआप. आणि वळली नाही, तर फिरत नाही."

"छान. पहिल्या प्रश्नाचे पूर्ण गुण." हेडबाईंनी मला खूण केली. "तो बाहेरचा फोटो आत आणा."

होयबा ताडकन उठले. "मॅडम, कशाला? मी दुसरी प्रत मागवतो! काच फुटेल!"

"शिपाई जपून आणेल. तुम्ही बसा."

शिपायाने फोटो आणून भिंतीला टेकवून ठेवला. हेडबाई छडी घेतल्यासारखं पेन हातात धरून त्याच्याजवळ गेल्या.

"हा तुमचाच फोटो, तुम्हीच भेट दिलेला. इथे माझी अभियंता उभी आहे. तिचा स्कार्फ डावीकडे ताठ उडालाय. गवतही डावीकडे झोपलंय. म्हणजे वारा उजवीकडून, चांगला जोराचा. आणि तुमच्या पवनचक्क्या? एकूणएक समोर तोंड करून. व्हरांड्याकडे. खुर्च्यांकडे. पाहुण्यांकडे!"

दालनात कुजबुज सुरू झाली. ठिणगीने कपाळावर हात मारून घेतला. "हेच! हेच मला खुपत होतं!"

"वारा बाजूने, तोंड समोर, तरी पाती दिवसभर गरगर फिरतात," हेडबाई पुढे म्हणाल्या. "हे एकाच रीतीने होतं. आपल्या घरातला पंखा फिरतो त्या रीतीने. लाइनमधली वीज उलटी देऊन. त्या दिवशी तुमच्या पवनचक्क्या वीज बनवत नव्हत्या, मालक. खात होत्या. आणि आत आलेली वीज मीटरमध्ये टिपली गेली होती, म्हणून ते मीटर नाहीसं होणं तुम्हाला भाग होतं."

मालकांच्या तोंडचं पाणी पळालं. पण ते मुरलेले होते. "फोटोवरून कुणाला फासावर चढवता येत नाही. आणि चोरी तर तुमच्या घरात झाली. आम्ही कपाटाजवळही आलो नाही!"

"ते मात्र खरं आहे," हेडबाई म्हणाल्या. "चोर माझ्या घरातलाच आहे. आणि तो आत्ता या दालनात बसलाय."

सचिवांनी पेनाचं टोपण हळूच परत लावलं.

५

"माझ्याकडे पेट्या चिठ्ठी भिंतीकडे करून ठेवतात," हेडबाईंनी सुरुवात केली. "चोराला टेकडीची पेटी हवी होती. ती शोधायला त्याला एकेक पेटी वळवावी लागली. ठिणगीला आपली पेटी पाठमोरीही ओळखता आली असती, ती बाकीच्यांना हात कशाला लावेल? माझे सहायक?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "यांनी वळवल्या असत्या तर अर्ध्या आडव्या पडल्या असत्या."

लोक हसले. मीही हसलो. निर्दोष ठरण्यासाठी तेवढा अपमान परवडला.

"पण आज सकाळी प्रत्येक पेटी सरळ रेषेत होती आणि चिठ्ठ्या समोर. चोराने काम झाल्यावर, नकळत, सगळ्यांची तोंडं दाराकडे करून ठेवली. साहेब दार उघडतील तेव्हा त्यांना वाचता यावं म्हणून. इतकी हाडाची सवय आमच्याकडे एकाच माणसाला आहे. तपासणीच्या आदल्या दिवशी टेकडीवर जाऊन 'समोरचं सगळं नीट दिसेल अशी' व्यवस्था लावणाराही तोच."

होयबांनी समोरचा ग्लास रेषेत सरकवला. "मॅडम, व्यवस्थितपणा हा काही गुन्हा नाही."

"नाही. म्हणून तर मी विचार केला, की जो माणूस दुसऱ्याच्या टेबलावरची पेनंसुद्धा सरळ करतो, त्याने स्वतः टांगलेली फ्रेम पुढे झुकलेली कशी चालवून घेतली? खिळा ठोकायला शिपाई असताना स्वतः हातोडा का घेतला? दुसऱ्याने हात लावला तर ओरडला का? आणि तीच फ्रेम अक्षर दुरुस्त करायच्या निमित्ताने पाहुणा आज परत का नेतोय? फ्रेमची कुणी पिशवीसारखी झडती घेत नाही, होय ना?" त्या शिपायाकडे वळल्या. "उलटी करा ती."

फ्रेमची मागची बाजू खोक्यासारखी खोल होती. पुठ्ठा ओढताच दोन पट्ट्यांनी बांधलेलं काळं मीटर शिपायाच्या हातात आलं. सकाळपासून आम्ही टाक्या उपसत होतो आणि हे महाशय नाकासमोर टांगलेले. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

ठिणगी धावत गेली. मीटरवरचं आपलं बारीक सील तिने बोटाने चाचपलं. "शाबूत आहे, बाई! हे फोडलेलं नाही!"

"यंत्राला जोड."

पडद्यावर रेघ उमटली. कित्येक महिने ती जमिनीला चिकटून होती, म्हणजे टेकडीवरून कणभरही वीज आलेली नव्हती. आणि तपासणीच्या दिवशी तिने बुडी मारली होती, सरळ खाली. वीज बाहेर नाही, आत गेलेली.

आता मालकांचा बांध फुटला. ते उठले आणि होयबांकडे बोट रोखून किंचाळले, "मी म्हणालो होतो वाऱ्याकडे करा! वळवायचं यंत्र बिघडलं होतं, पण हाताने वळवता येत होत्या! माझा फिटरही तेच म्हणत होता! हा म्हणाला, पाहुण्यांना कडेने दिसतील, शोभणार नाही, समोरून दिसल्या पाहिजेत! याला मी संचालकाची खुर्ची देणार होतो!"

"म्हणजे वाऱ्याकडे तोंड केलं असतं, तर त्या दिवशी खरीच वीज झाली असती?" सचिवांनी विचारलं.

"निदान त्या दिवशी तरी झाली असती," हेडबाई म्हणाल्या. "नक्कलही त्यांना खऱ्याकडे पाठ करूनच सुचली."

जनसंपर्कवाल्याचं हसू पहिल्यांदाच मावळलं. होयबा उठले. आपली खुर्ची सरळ करून ते पुन्हा तिच्यात मटकन बसले.

सचिवांनी निलंबनाचा आदेश हेडबाईंकडे सरकवला.

"मजकूर चांगला आहे," हेडबाई वाचून म्हणाल्या. "पुराव्याची चोरी, आयोगाचा विश्वासघात, सगळं आलंय. फक्त नाव बदला."

६

मांडव तर घातलेला होताच. संध्याकाळी मैदान माणसांनी भरलं. मंत्रीमहोदयांना खरी गोष्ट कळली आणि त्यांना अचानक दुसरीकडे महत्त्वाचं काम निघालं. सचिव हेडबाईंच्या कानाशी लागले. "लोकांना सांगू या, समारंभ पुढे ढकलला. लक्ष्य गाठलं नाही हे सांगायला कुणी मांडव घालतं का?"

"आता घातलाय ना," हेडबाई म्हणाल्या. "मग वापरू या."

त्या ठिणगीला घेऊन व्यासपीठावर गेल्या. मी पडद्यामागे उभा होतो. लोक ओरडतील, खुर्च्या फेकतील, असं काय काय मनात येत होतं.

"निकाल हिने लावलाय," हेडबाई ध्वनिक्षेपकात म्हणाल्या. "तेव्हा हीच सांगेल." आणि त्या मागे सरकून उभ्या राहिल्या.

ठिणगीने घसा खाकरला. समोर इतकी माणसं तिने कधी पाहिली नसतील. पहिल्या रांगेत तिची आई बसली होती, हात घट्ट गुंफून. सकाळची बातमी तिच्यापर्यंतही पोचली होती.

"लक्ष्य पूर्ण झालेलं नाही," ठिणगी म्हणाली.

तिने ध्वनिक्षेपक जवळ ओढला.

"टेकडीवरची वीज खोटी होती. आज ते सिद्ध झालं. टेकडीची कंपनी आता आयोगाच्या ताब्यात राहील, पवनचक्क्या दुरुस्त होतील, आणि ते काम आजपासून बाईंनी माझ्यावर सोपवलंय. जितकी वीज कमी पडलीय तितकी भरून काढावी लागेल. पुढच्या वर्षी मी इथेच येऊन तुम्हाला आकडा सांगेन. जो असेल तो. एक जास्त नाही, एक कमी नाही."

मग तिची आई उठून उभी राहिली. तिने टाळ्या वाजवल्या नाहीत. ती शेजारच्या बाईला मोठ्याने म्हणाली, "माझी मुलगी आहे ती!"

मागून कुणीतरी शिट्टी मारली आणि मग सगळं मैदान उठलं. लक्ष्य हुकलं म्हणून इतक्या टाळ्या पडलेल्या मी आयुष्यात ऐकल्या नव्हत्या. ठिणगी हसत होती, रडत होती आणि दोन्ही लपवायचा प्रयत्न करत होती. मी हेडबाईंकडे पाहिलं. कधी नव्हे ते त्यांचा चष्मा धूसर झाला होता.

"काय बघताय?" त्या मला म्हणाल्या. "वाजवा की टाळ्या!"

मी वाजवल्या. हात लाल होईपर्यंत वाजवल्या.